नागपुरात एक वर्षाच्या भाचीला क्रोशाची सशाची टोपी आणि तसाच खेळण्यातला ससा भेट द्यायचा आहे. धागा कोणता घ्यावा आणि डोळे कशाचे करावेत?

धागा सुती घ्यावा आणि डोळे बटणांचे किंवा प्लास्टिकचे न लावता काळ्या दोऱ्याने भरावेत. मी नागपुरातच लहान मुलांसाठी विणकाम करते; मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लोकरीची टोपी बाळ क्षणभरही डोक्यावर ठेवत नाही. या वयात डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटिमीटर असतो. सुती धागा लोकरीइतका ताणला जात नसल्यामुळे टोपी त्यापेक्षा फार तर १-२ सेंटिमीटरने कमी ठेवावी आणि तिला गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नयेत. ससा मात्र बारीक सुईने, मुक्या खांबांनी (सिंगल क्रोशे या आखूड, दाट टाक्याने) इतका घट्ट विणावा की ताणून पाहिले तरी टाक्यांतून आत भरलेले फायबर दिसू नये. बाळ सर्वांत आधी कान तोंडात घालून ओढते, म्हणून ते शिवताना धाग्याचे टोक ३-४ वेळा आरपार नेऊन आत दडवावे. भेट डिसेंबर-जानेवारीसाठी असेल, तर टोपीला मऊ बेबी वूल चालेल. डोळे मात्र मूल ३ वर्षांचे होईपर्यंत भरलेलेच हवेत, कारण निघालेले बटण घशात अडकू शकते.