पुस्तक सुचवताना नावापुढे काय लिहावे?

प्रश्न : आम्ही वनौषधी चिकित्सेच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आहोत. एकमेकांना पुस्तके सुचवण्यासाठी आम्ही एक सामाईक यादी सुरू केली. परंतु ती इतकी वाढली आहे की आधी काय वाचावे हेच कळेनासे झाले आहे. जो तो आपल्या पुस्तकापुढे ‘उत्तम’ असा शेरा मारतो. ही यादी उपयोगी कशी करता येईल?

उत्तर : यादी लांबली म्हणून फारसे बिघडत नाही, अडचण होते ती ‘उत्तम’ या शेऱ्यामुळे. झाड ओळखण्यासाठी लागणारे पुस्तक वेगळे, त्यातील घटकद्रव्ये समजावून देणारे वेगळे, कृती व मात्रा सांगणारे वेगळे आणि विषारीपणाची व इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियेची माहिती देणारे वेगळे असते. म्हणून पुस्तक सुचवणाऱ्याने ते कोणत्या कामाला चांगले आहे हे एका वाक्यात लिहावे आणि त्याखालीच ते कोणत्या कामासाठी वापरू नये हेही नोंदवावे. हे दुसरे वाक्य लिहिताना हात आखडतो, कारण आवडत्या पुस्तकाची उणीव सांगणे जिवावर येते; माझ्या मते मात्र साऱ्या शिफारशीत तेच वाक्य सर्वांत मोलाचे असते. नोंद साधारण अशी असावी : ‘साली व मुळांची सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे अतिशय स्पष्ट आहेत, चूर्णातील भेसळ ओळखताना हाताशी ठेवावे. मात्रा कोणत्या आधारावर दिल्या आहेत हे सांगितलेले नाही, म्हणून मात्रेसाठी दुसरे पुस्तक पाहावे.’ एवढ्या मजकुरावरून ते पुस्तक आज हवे आहे की दोन वर्षांनी, हे वाचणाऱ्याला ठरवता येते.

आवृत्तीचे वर्ष तर न चुकता लिहावे. कॉम्फ्रे ही वनस्पती पोटात घेण्यास निर्धोक आहे असे सांगणारी जुनी पुस्तके अजूनही सहज हाती लागतात. तिच्यातील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांमुळे यकृताला इजा होते हे पुढे स्पष्ट झाले आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॉम्फ्रेयुक्त पूरक उत्पादने बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले. त्याचप्रमाणे सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे, नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते आणि प्रत्यारोपित अवयव धोक्यात येऊ शकतो, ही गोष्ट २०००च्या सुमारास ठळकपणे पुढे आली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ती नसेल, तर त्यात लेखकाचा दोष नाही. वाचणाऱ्याला मात्र वर्ष माहीत असायलाच हवे.

वनस्पतींची शास्त्रीय नावे देणारी पुस्तके यादीत वर असावीत, असा माझा आग्रह आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात स्टेफानिया टेट्रांड्रा या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची वापरली गेली. दोहोंची चिनी व्यवहारनामे परस्परांशी मिळतीजुळती आहेत : पहिलीचे फांग जी, दुसरीचे ग्वांग फांग जी. दुसरीतील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ज्या पुस्तकात केवळ व्यवहारनाम आहे, वनस्पतीचा कोणता भाग वापरायचा याचा उल्लेख नाही, ते मनोरंजनासाठी खुशाल वाचावे. अभ्यासाच्या यादीत त्याला जागा देऊ नये.

आधी काय वाचावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे की वनस्पतींची कुळे ओळखायला शिकवणारे एक पुस्तक आणि सुरक्षिततेविषयीचे एक पुस्तक सोबतच सुरू करावे. त्यांना जोड म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे निवडक औषधी वनस्पतींवरील लेखसंग्रह घ्यावेत. त्यांचा पहिला खंड १९९९ मध्ये निघाला आणि त्यात २८ लेख आहेत. हे संग्रह सुचवण्याचे कारण त्यांच्या मांडणीत आहे. प्रत्येक वनस्पतीचे उपयोग तेथे तीन गटांत विभागले आहेत : रुग्णांवरील चाचण्यांचा आधार असलेले, औषधकोशांत व पारंपरिक वैद्यकपद्धतींत नोंदलेले, आणि लोकवैद्यकात सांगितले जाणारे पण प्रायोगिक अथवा चाचण्यांचा पुरावा नसलेले. ही विभागणी एकदा अंगवळणी पडली की कोणतेही पुस्तक उघडल्यावर, समोरचे विधान यांपैकी कोणत्या गटातले आहे, हे विचारण्याची सवय आपोआप लागते.

प्रश्न : जुने ग्रंथ सुचवूच नयेत, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर : मुळीच नाही, ते उपचाराचे मार्गदर्शक म्हणून न सुचवता निरीक्षणाचा धडा म्हणून सुचवावेत. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या औषधी पण विषारी झाडावर लिहिलेले १७८५ मधील पुस्तक मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला सांगेन. आपल्याला यश आले तेवढेच रुग्ण निवडून त्यांनी मांडले नाहीत. ज्यांच्यावर औषधाचा उपयोग झाला नाही तेही नोंदले, आणि मळमळ, दृष्टीतील बिघाड, मंदावलेली नाडी ही अतिमात्रेची लक्षणे लिहून ठेवली. पाने केव्हा तोडावीत आणि कशी वाळवावीत याचाही त्यांनी विचार केला, कारण पानांचा जोर ऋतूनुसार बदलतो हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांतील मात्रा आज कोणी वापरायच्या नाहीत, कारण या झाडात उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. तेव्हा यादीत त्यापुढे ‘पद्धत शिकण्यासाठी’ असे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : दोन चांगल्या पुस्तकांत एकाच वनस्पतीची मात्रा वेगवेगळी दिली असेल, तर कोणते पुस्तक सुचवावे?

उत्तर : आधी दोन्ही लेखक एकाच कल्पाविषयी, म्हणजे औषधाच्या एकाच तयार रूपाविषयी, बोलत आहेत का, हे पाहावे. १:५ प्रमाणातील (१ ग्रॅम वनस्पतीला ५ मिलिलिटर द्रव) टिंक्चरच्या, म्हणजे अल्कोहोलमधील अर्काच्या, ५ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीचा अंश येतो, तर १:२ प्रमाणातील तेवढ्याच अर्कात २.५ ग्रॅमचा, म्हणजे चमचा तोच राहिला तरी मात्रा अडीच पट झाली. वनस्पती ओली घेतली की वाळलेली, अल्कोहोलचे प्रमाण किती, मूळ वापरले की पान, हेही ताडून पाहावे. बहुतेक वेळा तफावत येथेच उलगडते. एवढे करूनही ती उरली, तर ज्या पुस्तकात कल्पाचे प्रमाण आणि मात्रेचा आधार दिलेला आहे ते सुचवावे आणि दुसऱ्या पुस्तकातील वेगळी मात्रा पानाच्या क्रमांकासह त्याच नोंदीत लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती पुन्हा शोधत बसावी लागणार नाही.