सिंगापूरला येताय? मग ‘आपली वस्ती’ शोधू नका

मार्चमध्ये पुण्याहून सिंगापूरला सहकुटुंब यायचंय, मुलगी सात वर्षांची आहे, तर आपली माणसं जास्त असलेली वस्ती कोणती, असं विचारलंत. अकरा वर्षं इथे राहून सांगतो, ती शोधूच नका. एचडीबीत, म्हणजे सरकारी वसाहतीत, भाड्याने घर घ्या.

१९६४ च्या चिनी-मलय दंगली हा देश विसरलेला नाही. १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत कुठल्या समाजाची किती घरं असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. भारतीय आणि इतर मिळून १५ टक्के. चिनी कोटा भरलेल्या इमारतीत भारतीय मालकाला चिनी गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही, मग भाव पडतो. ही तक्रार रास्तच आहे. तरीही मला ही सक्ती मनापासून पटते. (भाडेकरूला हा कोटा नाही, परदेशी भाडेकरूंची मर्यादा वेगळी.)

कारण आमच्या इमारतीखालची मोकळी जागा, इथल्या भाषेत व्हॉइड डेक. एका शनिवारी तिथे मलय लग्न होतं, डफ वाजत होते, जेवणाची रांग लागली होती. पुढच्याच आठवड्यात तिथे पांढरा मांडव पडला आणि चौथ्या मजल्यावरचे चिनी आजोबा वारले म्हणून तीन रात्री मंत्रपठण चाललं. आमची मलय शेजारीण रोज खाली जाऊन बसत होती. दिवाळीत तिला करंज्या देतो त्या हलाल शिक्क्याच्या तुपातल्या, नव्या डब्यात. ईदला ती नारळ आणि माडाचा गूळ भरलेले गोड गोळे पाठवते. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा बायको म्हणाली, “अहो, हे तर मोदकाचं सारण!”

सगळं गोडच आहे असं नाही. घर शोधताना आम्हाला फोनवर दोनदा ऐकावं लागलं, “मालकाला भारतीय नकोत.” फार लागलं ते. मनाची तयारी ठेवा.

आता मुलीचं. इथले तीन चतुर्थांश नागरिक चिनी वंशाचे, पण राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. सरकारी शाळेत प्रवेश मिळाला तर इंग्रजीबरोबर सहसा मातृभाषाही शिकावी लागते. भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांतली एक घेता येते. मराठी त्यात नाही. आमच्या मुलीने हिंदी घेतली. मराठी घरातच राखावी लागते. महाराष्ट्र मंडळाचा गणपती आहे, पण तो वर्षातून एकदा. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला फक्त मराठी बोलतात. सामानात बालभारतीची पहिली ते चौथीची मराठीची पुस्तकं आठवणीने टाका.