घरातली झाडे, बिनमातीचे मिश्रण आणि कुंडीचे माप

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), झाडाची साल, लेका (भट्टीत फुलवलेल्या मातीचे गोळे) अशा माध्यमांत लावलेल्या घरातल्या झाडाला कुंडी केवढी घ्यावी? झाड केवढे दिसते यावरून कुंडीचा अंदाज बांधला की बहुतेक वेळा चुकतो. पाणी दिल्यावर मिश्रण किती दिवसांत वाफशावर येते, म्हणजे जास्तीचे पाणी जाऊन आत ओल आणि हवा दोन्ही उरतात, यावरून बांधलेला अंदाज सहसा बरोबर निघतो.

प्रश्न : मॉन्स्टेराचे रोप 10 सेंमी तोंडाच्या कुंडीत छान होते. सारखी कुंडी बदलायला नको म्हणून थेट 25 सेंमीच्या कुंडीत, नुसत्या कोकोपीटमध्ये लावले. तीन आठवड्यांत खालची पाने पिवळी पडली. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून दर दोन दिवसांनी पाणी देतो. पाणी कमी पडते आहे का?

उत्तर : नाही, जास्त झाले आहे. आजपासून पाणी थांबवा.

कुंडीचे तोंड अडीच पट झाले आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढली, तर आत मावणारे मिश्रण साडेपंधरा पट होते. 10 सेंमीच्या कुंडीत साधारण अर्धा लिटर मिश्रण बसते, 25 सेंमीच्या कुंडीत सुमारे आठ लिटर. तुमच्या रोपाच्या मुळ्या अजून त्या अर्ध्या लिटरातच आहेत. बाकीच्या कोकोपीटमधले पाणी प्यायला तिथे कोणी नाही. वरचा दोन सेंमीचा थर हवेने वाळतो आणि फिकट दिसतो, पण पूर्ण बोट आत घालून पाहा, खाली ओलेगच्च लागेल. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. त्यामुळे ओलेगच्च थरात पांढरी मुळी आधी गुदमरते आणि मग पिथियमसारखा बुरशीसदृश जंतू तिला कुजवतो.

झाड हलकेच बाहेर काढा. चांगली मुळी पांढरट आणि टणक असते. कुजलेली मुळी चिमटीत धरून ओढली की तिची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. असे सगळे भाग स्वच्छ कात्रीने, टणक मुळी लागेपर्यंत कापा. उरलेल्या मुळ्यांच्या गड्ड्याभोवती सगळीकडून दीड-दोन सेंमी जागा राहील एवढीच कुंडी घ्या. तुमच्या बाबतीत ती 11-12 सेंमीची असेल, म्हणजे पहिल्या कुंडीपेक्षा जेमतेम मोठी. मिश्रण दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक भाग जाडसर साल असे करा. नवे पान उलगडेपर्यंत खत देऊ नका, कारण तुटलेल्या मुळीला क्षार सोसत नाहीत.

पुढच्या वेळी 15 सेंमीपर्यंतच्या कुंडीला एका वेळी 3-4 सेंमी आणि त्यापुढे 5 सेंमी वाढवा. कुंडी बदलण्याचा त्रास वाचवावासा वाटतो हे समजते. पण घरात उजेड कमी, वारा कमी, म्हणून झाड पाणीही कमी ओढते. अंगणात जे मोठे माप खपून जाते ते घरात खपत नाही.

प्रश्न : दोन लिटरच्या दोन कुंड्या आहेत, एक पसरट आणि एक उभी. मिश्रण तेच, झाड तेच, पाणीही तेवढेच. तरी पसरट कुंडीतले झाड मलूल आहे. पसरट कुंडी तर लवकर वाळायला हवी ना?

उत्तर : वरून ती लवकर वाळते, खालून नाही. हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

भांडी घासण्याचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा, तळहातावर सपाट धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, त्यातली छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होते. निचरा थांबल्यावर तळाशी एक थर असा राहतो, की ज्यातले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते आणि ते छिद्रातून बाहेर पडत नाही. या थराची जाडी मिश्रणाचे कण किती बारीक यावर ठरते, कुंडीच्या आकाराशी तिचा संबंध नाही. समजा तुमच्या मिश्रणात हा थर 5 सेंमी आहे. 8 सेंमी खोल कुंडीत सुमारे 62 टक्के उंची ओलीगच्च राहील, 16 सेंमी खोल कुंडीत 31 टक्के. पसरट कुंडीतल्या मुळ्यांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

म्हणून बारीक कोकोपीट किंवा पीट वापरत असाल तर खोल कुंडी घ्या. पसरट कुंडीच हवी असेल तर मिश्रण जाड करा: 5 ते 10 मिमीची साल, जाड परलाइट, चाळून धूळ काढलेले. पसरट कुंडीतल्या झाडाला आत्ताच आधार द्यायचा असेल तर जाड सुती दोरी तळाच्या छिद्रातून चार-पाच सेंमी आत सरकवा आणि तिचे दुसरे टोक कुंडीखाली 10-15 सेंमी लोंबत ठेवा. अडकलेले पाणी दोरीवरून उतरते. पाणी दिल्यावर कुंडी 45 अंश तिरकी धरली तरी बरेच पाणी निथळते, कारण तिरकी कुंडी ही उंच कुंडी असते.

तळाशी खडे घालण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो सोडून द्या. बारीक मिश्रणातले पाणी मोठ्या पोकळ्यांमध्ये उतरायला तयार नसते, म्हणून ओला थर खड्यांच्या वर येऊन बसतो. म्हणजे मुळ्यांची जागा खडे खातात आणि पाणी मुळ्यांच्या जवळ येते.

प्रश्न : आपले मिश्रण एखाद्या कुंडीला योग्य आहे की नाही, हे झाड लावण्याआधी कळेल का?

उत्तर : कळते. मोजपात्र, चिकटपट्टी आणि दोन-अडीच तास लागतात.

कुंडीत आतून प्लास्टिकची पिशवी लावून काठाच्या एक सेंमी खालपर्यंत पाणी भरा आणि ते मोजा. ही कुंडीची क्षमता. पिशवी काढा, छिद्रे बाहेरून चिकटपट्टीने घट्ट बंद करा. आधी किंचित ओलसर केलेले मिश्रण तेवढ्याच उंचीपर्यंत भरा, कुंडी दोनदा जमिनीवर ठोका, पण हाताने दाबू नका. कडेने सावकाश पाणी सोडा, पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत. तासभर ठेवा आणि पातळी उतरली असेल तर पुन्हा भरा. मग कुंडी टबावर धरून चिकटपट्टी काढा आणि थेंब थांबेपर्यंत निथळू द्या. टबात जमलेले पाणी मोजा.

जेवढे पाणी निघाले तेवढी हवा आत गेली. दोन लिटरच्या कुंडीतून 400 मिली निघाले तर 20 टक्के हवा, आणि घरातल्या झाडाला एवढी असावी. 200 मिली निघाले तर 10 टक्केच. अशा वेळी परलाइट किंवा साल वाढवा. हे उत्तर त्या उंचीच्या कुंडीपुरते असते. तेच मिश्रण खुज्या कुंडीत भरले तर हवेचा टक्का घसरतो.

प्रश्न : लेकामध्ये झाड लावायचे आहे. तिथेही हाच हिशेब का?

उत्तर : बराचसा उलटा. लेका म्हणजे भट्टीत फुलवलेल्या मातीचे गोळे. 8 ते 16 मिमीच्या गोळ्यांमध्ये हवा भरपूर असते, त्यामुळे कुंडी थोडी रुंद झाली म्हणून मुळी कुजत नाही. धोका दुसऱ्या बाजूने येतो. गोळे पाणी फार उंच चढवू शकत नाहीत. 25 सेंमी उंच भांड्यात तळाला पाणी असले तरी वरचे गोळे कोरडेच राहतात, आणि लहान रोपाच्या मुळ्या नेमक्या तिथेच असतात. म्हणून नव्या रोपाला 12-15 सेंमीपेक्षा उंच भांडे देऊ नका, किंवा 4 ते 8 मिमीचे बारीक गोळे घ्या.

पाण्याची पातळी भांड्याच्या तळाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवा. एकसंध भांड्याला त्या उंचीवर बाजूला एक छिद्र पाडले की पाणी त्यावर जातच नाही. नेट पॉट (जाळीदार कुंडी) बाहेरच्या भांड्यात ठेवत असाल तर दोन्हींच्या मध्ये बोट जाईल एवढी फट हवी, नाहीतर पातळी पाहता येत नाही. गोळे धुऊन 24 तास भिजवा. मुळ्यांवरची जुनी माती किंवा कोकोपीट पूर्ण धुऊन काढा. मुळ्यांमध्ये राहिलेला जुन्या मिश्रणाचा गोळा कायम ओला राहून कुजतो. पारदर्शक काचेत शेवाळ धरते, म्हणून बाहेरचे भांडे अपारदर्शक घ्या.

प्रश्न : कुंडी लहान असेल तर खत कमी द्यायचे का?

उत्तर : लिटरमागे प्रमाण तेच, द्रावण कमी. मुळीला पाण्यातली क्षारांची तीव्रता जाणवते, कुंडीचे माप नाही. मात्र लहान कुंडी लवकर वाळते आणि वाळताना उरलेल्या पाण्यातले क्षार घट्ट होतात. दर वेळी घातलेल्या द्रावणाच्या 15-20 टक्के तळातून बाहेर पडू द्या आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. काठावर पांढरे कवच दिसले की कुंडीच्या क्षमतेच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून मिश्रण धुवा.

प्रश्न : कुंडी बदलायची वेळ आली हे कसे ओळखावे?

उत्तर : स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. पाणी देऊन निथळल्यावर एकदा आणि झाडाला पुन्हा पाणी हवे असेल तेव्हा एकदा, असे वजन लिहून ठेवा. हलके वजन यायला पूर्वी सहा दिवस लागत होते आणि आता दोनच लागतात, तर मुळ्यांनी जागा व्यापली आहे. उलट दहा दिवसांनंतरही वजन फारसे उतरत नसेल तर कुंडी मोठी आहे किंवा मिश्रण बारीक आहे. छिद्रातून एखादी मुळी डोकावणे एवढे पुरेसे कारण नाही. गड्डा बाहेर काढल्यावर मिश्रणापेक्षा मुळ्याच जास्त दिसल्या, तर बदला.

कोकोपीटची कुंडी दीड-दोन वर्षांनी तशीही उपसावी लागते. ते कुजून बारीक होते, खाली बसते आणि हवेची जागा जाते. तेव्हा झाड मोठे झालेले नसेल तर त्याच कुंडीत ताजे मिश्रण भरा.

प्रश्न : स्नेक प्लांट आणि ऑर्किड घट्ट कुंडीतच बरे, हे खरे का?

उत्तर : फॅलेनॉप्सिस ऑर्किडला खरे. त्याच्या जाड मुळ्यांना जाड साल आणि भरपूर हवा लागते. मुळ्या जेमतेम मावतील अशी, बाजूलाही छिद्रे असलेली पारदर्शक कुंडी चांगली. मुळ्या ओल्या असताना हिरव्या दिसतात आणि वाळल्या की चंदेरी, म्हणून पाण्याची वेळ डोळ्यांनी कळते. स्नेक प्लांटला घट्टपणा सोसतो, आवडतो असे नाही. त्याचे कंद आडवे पसरतात, म्हणून कुंडी रुंद, मध्यम खोल आणि मिश्रण निम्मे परलाइटचे ठेवा. स्पायडर प्लांट मात्र साठवणीच्या जाड मुळ्यांनी प्लास्टिकची कुंडी फुगवतो, त्याला वेळेवर मोठी कुंडी द्या.

प्रश्न : रबर प्लांट दीड मीटरचा झाला, हलक्या मिश्रणामुळे सारखा कलंडतो. मोठी कुंडी घेऊ का?

उत्तर : मुळ्यांना जागा पुरत असेल तर नको. आतली कुंडी तीच ठेवा आणि ती रुंद बुडाच्या जड भांड्यात बसवा. मधल्या पोकळीत खडे भरा. इथे खडे चालतात, कारण ते मिश्रणाच्या बाहेर आहेत. आतली कुंडी तळाशी तीन सेंमी खड्यांवर टेकवा आणि खाली साचलेले पाणी तिच्या बुडाला लागू देऊ नका.

प्रश्न : पंधरा दिवस घर बंद राहणार आहे. तेवढ्यासाठी मोठ्या कुंडीत हलवावे का?

उत्तर : अजिबात नको. कुंडी तीच ठेवून तळाच्या छिद्रातून नायलॉनची किंवा अ‍ॅक्रिलिकची दोरी आत घ्या आणि खाली पाण्याचे झाकणबंद भांडे ठेवा. सुती दोरी महिनोन्‌महिने ओली राहिली की कुजते. दोरी आधी भिजवलेली हवी, कोरडी दोरी पाणी ओढायला सुरुवात करत नाही. जायच्या आठवडाभर आधी जोडा आणि रोज पाण्याची उतरलेली पातळी मोजा. पाच दिवसांत 300 मिली गेले, तर पंधरा दिवसांना 900 मिली लागेल; थोडे जास्त धरून सव्वा लिटरचे भांडे ठेवा. मिश्रण सतत ओलेगच्च राहते असे दिसले तर बारीक दोरी वापरा. झाडे खिडकीपासून हात-दोन हात आत सरकवली की पाणी आणखी पुरते.