कंडेन्सर बदलले आणि डावा चॅनेल घरघरू लागला

प्रश्न : माझ्या जुन्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्टचा आहे. फुगलेले ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे दोन्ही फिल्टर कंडेन्सर आणि बोर्डवरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक बदलले. उजवा चॅनेल छान वाजतो. डावीकडे मात्र चालू करताच स्पीकरचा कोन पुढे जाऊन तिथेच थांबतो आणि घरघर येते, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. एकदा फ्यूजही उडाला. नवा फिल्टर खराब निघाला का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी डावा स्पीकर सोडवा. कोन पुढे अडकतो म्हणजे आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) आला आहे, आणि तो स्पीकरमधली तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) जाळतो. फिल्टर दोन्ही चॅनेलना सामाईक आहेत. ते बिघडले असते तर उजवीकडेही घरघर आली असती. डावं आउटपुट एका रेलला (फिल्टरमधून येणाऱ्या प्लस किंवा मायनस पुरवठ्याला) चिकटलं आहे आणि त्या रेलवरची १०० हर्ट्झची लहर थेट स्पीकरमध्ये उतरते आहे.

पुढची तपासणी फेजच्या तारेत ६० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावूनच करा. एलईडी बल्ब चालणार नाही. फिलामेंट बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर शॉर्ट आहे : बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर, नाहीतर निगेटिव्ह रेलचा कंडेन्सर उलटा बसलाय. त्याचा प्लस पाय ग्राउंडला जातो, आणि चूक नेमकी तिथेच होते. दोन्ही रेलवर सुमारे ३३ व्होल्ट हवेत, बल्बमुळे थोडे कमी. मग स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. चांगल्या चॅनेलला तो ५० मिलिव्होल्टच्या आत असतो.

डावीकडे ३० व्होल्टच्या आसपास दिसले, तर फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा अंश इनपुटकडे परत नेणारी, वाट तुटली असण्याचा संशय पहिला. प्लग काढा, प्रत्येक रेल १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने ग्राउंडशी पाच सेकंद जोडून रिकामी करा. आता आउटपुटपासून डिफरन्शियल जोडीतल्या (इनपुटच्या दोन जुळ्या ट्रान्झिस्टरांतल्या) दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंतचा रोध दोन्ही चॅनेलवर मोजा. उजवीकडे काही किलोओहम आणि डावीकडे ओपन (जोडणी तुटलेली) आलं, तर कंडेन्सर काढताना बोर्डवरची तांब्याची पट्टी (ट्रॅक) किंवा पायाभोवतीची चकती (पॅड) उखडली आहे. जुन्या तपकिरी बोर्डांवर हे फार होतं. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं की पॅड सुटतो. कंडेन्सरच्या पायापासून पुढच्या सोल्डरच्या डागापर्यंत बारीक तार जोडा. रोध दोन्हीकडे सारखा आला, तर आउटपुट आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा.

डीसी काहीशे मिलिव्होल्टच असेल तर गोष्ट वेगळी : फीडबॅकचा इलेक्ट्रोलायटिक उलटा किंवा गळका आहे. तो ओपन असेल तर डीसी ठीक दिसतो, पण आवाज अगदी क्षीण येतो.

कंडेन्सरखालचा जुना डिंक तपकिरी पडला असेल तर खरवडून स्पिरिटने पुसा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तो वीज वाहू लागतो आणि तांबंही खातो.

दुरुस्तीनंतर पुन्हा बल्बवरच चालू करा, डीसी मोजा, तासभर चालवून परत मोजा, मगच स्पीकर जोडा. फ्यूज मूळ आकड्याचाच ठेवा.

प्रश्न : ४७००च्या जागी १०,००० मायक्रोफॅरड बसवले तर बास वाढेल?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही. चालू करतानाचा झटका वाढतो आणि तो एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज डायोडवर पडतो. ६८०० पर्यंत हरकत नाही. कंडेन्सरवर लिहिलेलं व्होल्टेज मात्र ५० च्या खाली नको; मेन्स २५० झाली की रेल ३६ च्या वर जाते.