जुळी एकसारखी की वेगळी? आधी वार किती ते विचारा

"मॅडम, एकसारखी आहेत की वेगळी, तेवढंच सांगा."

डिचोलीहून आली होती. नववा आठवडा, सोबत सासूमाय, मांडीवर डबा आणि पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रिपोर्टात एवढंच होतं की जुळी आहेत, दोघांचेही ठोके आहेत. वार, म्हणजे पोटात बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव (प्लॅसेंटा), एक की दोन, याचा पत्ता नाही. ही एक ओळ राहून जाते तेव्हा मला फार खुपतं. घरी जाऊन तिने मोबाईलवर वाचलं की एकसारख्या जुळ्यांत एक बाळ दुसऱ्याचं रक्त ओढतं. तेव्हापासून झोप उडालेली.

सासूमायचं दुखणं निराळं. "आमच्या घराण्यात जुळी नाहीत. चवथीला हिने जोडकेळं खाल्लं, मी नको नको म्हणत असताना."

"काकी, केळ्याला सोडा," मी म्हटलं. आईच्या एकाच पाळीत दोन बीजं सुटली तर वेगळी जुळी होतात, आणि ती ओढ आईच्या माहेरून येऊ शकते. एकसारखी होतात ती एकाच बीजाचे पुढे दोन भाग झाले म्हणून. ते कुणाच्याही घरी होतं. काकी गप्प झाल्या. केळ्यावरचा राग मात्र गेलेला दिसला नाही.

मग तिच्याकडे वळले. तिला म्हटलं, तू वाचलंस ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. तो धोका दोघांत एकच वार असते तेव्हाचा. वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे कधी एका बाळाकडे रक्त जास्त जातं, दुसऱ्याकडे कमी. एक वार, पण गर्भजलाच्या पिशव्या दोन, अशा शंभर जुळ्यांत साधारण 10 ते 15 ठिकाणी हे घडतं. म्हणून अशा बाईची 16व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. वेळेत दिसलं तर लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करण्याचा उपचार आहे. वारा दोन असतील तर सहसा महिन्याला एकदा पुरतं.

"म्हणजे दोन वारा असल्या की वेगळी जुळी?"

इथेच बहुतेकांची गल्लत होते. बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर एकसारख्या जुळ्यांनाही स्वतंत्र वारा मिळतात, आणि एकसारख्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जुळी अशीच असतात. एकच वार निघाली तर एकसारखी, हे जवळपास पक्कं. दोन निघाल्या तर वेगळी असण्याची शक्यता जास्त, खात्री नाही.

काकींनी हळूच विचारलं, "एक मुलगा, एक मुलगी असली तर कळेल ना?" कळलं असतं. पण 1994 च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे, आणि मी त्यावर पुढे बोलतही नाही.

वार बघायची उत्तम वेळ 11 ते 14 आठवडे. नंतर पिशव्यांमधले पडदे पातळ होतात, वारा शेजारी रुजल्या असतील तर चिकटून एकच वाटतात. तिला हे डोळ्यांसमोर येईना. टेबलावर सकाळी पोदेराकडून आणलेले पाव होते, दोन एकमेकांना चिकटलेले. तेच पुढे केले. "हे गोळे वेगळे लावले होते. भट्टीत फुगले नि चिकटले. वरून एकच दिसतात. पण जोडावर बघ, खाली पिठाची पाचर शिरलीय." सोनोग्राफीत दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तिथे अशी जाड त्रिकोणी पाचर दिसली तर वारा दोन. पडदा पातळ आणि सरळ, इंग्रजी टी अक्षरासारखा येऊन टेकला तर वार एक. रिपोर्टात हे लिहून घ्यायचं आणि शक्य तर तो फोटोही मागायचा, असं तिला बजावलं.

बाराव्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. पाचर होती. "झोप लागली काल," एवढाच मेसेज सोबत.

बाळंतपणानंतर परत फोन. दोघी मुली, तब्येती ठीक. "पण मॅडम, नर्स म्हणाली वार एकच पडली. म्हणजे एकसारख्या ना?"

"पाव आठव," मी म्हटलं.

ती हसली. चिकटलेल्या वारा बाहेर पडतानाही एकच दिसतात. दोन्ही मुलीच असल्याने त्यावरूनही काही ठरत नाही. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन डीएनए तपासला तर नक्की कळेल, हे सांगितलं. मागून काकींचा आवाज आला, खर्च किती म्हणून. आकडा ऐकल्यावर थोडा वेळ शांतता, मग, "राहू दे. मोठ्या झाल्या की आम्हीच बघू."

तोवर थोरलीच्या पायात काळा दोरा बांधलाय.