प्रोलॉगची नवी आवृत्ती टाकल्यावर जुना प्रोग्राम एरर न देता नुसतं ‘फॉल्स’ का म्हणतो?

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या नोट्समधला, प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या (लॉजिक) भाषेतला प्रोग्राम आताच्या एसडब्ल्यूआय-प्रोलॉगवर (ही भाषा चालवणारी एक प्रणाली) चढवला, लोड होताना काहीच तक्रार आली नाही, पण जिथे उत्तर यायला हवं तिथे ‘फॉल्स’ येतंय. मग नवी आवृत्ती काढणारे जुन्या वापरकर्त्यांचा विचारच करत नाहीत का?

करतात. मी बरीच वर्षं नियम तपासणारे प्रोग्राम प्रोलॉगमध्ये लिहितोय आणि या भाषेच्या आवृत्त्या जवळून पाहत आलोय. तुम्हाला जे दिसतंय त्याचं मूळ जवळजवळ नक्कीच एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या सातव्या आवृत्तीत आहे. ती 2014 च्या सुमारास लोकांच्या हाती आली. त्याआधी दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे अक्षरांच्या कोडांची (प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या आकड्याची) लिस्ट असे. सातव्या आवृत्तीपासून तो स्ट्रिंग नावाचा वेगळा प्रकार झाला. तुमच्या नोट्समधला प्रोग्राम असा मजकूर ‘अपेंड’ला (लिस्ट जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्या प्रेडिकेटला, म्हणजे नियमांच्या गटाला) देत असणार. ‘अपेंड’ला लिस्ट हवी असते. समोर स्ट्रिंग आली की ‘अपेंड’चा एकही क्लॉज (नियम) जुळत नाही, आणि काही जुळलं नाही की प्रोलॉग ‘फॉल्स’ म्हणतो. यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही.

लॉजिक भाषेची नवी आवृत्ती काढणं इतर भाषांपेक्षा अवघड का असतं, ते नेमकं इथे कळतं. पायथॉननेही 2008 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत मजकुराची व्याख्या बदलली आणि खूप जुना कोड मोडला. पण तिथे बहुतेक वेळा प्रोग्राम थांबतो, ओळ क्रमांक दाखवतो, आणि तुम्ही दुरुस्तीला लागता. प्रोलॉगमध्ये ‘जुळलं नाही’ हे रीतसर उत्तर आहे, सगळं बॅकट्रॅकिंग (मागे फिरून दुसरा पर्याय पाहणं) त्यावरच चालतं. त्यामुळे चुकीचं ‘नाही’ आणि खरं ‘नाही’ बाहेरून अगदी सारखे दिसतात.

मला खरी काळजी वाटते ती नकाराची. हा नियम पाहा:

पात्र(_व) :- अर्जदार(_व), \+ बंदी(_व).

(प्रोलॉगमध्ये चलाचं नाव मोठ्या अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून इथे अंडरस्कोर घेतलाय. बाकी देवनागरी नावं अवतरणचिन्हांशिवाय चालतात.) अर्जदार असेल आणि त्याच्यावर बंदी नसेल तर तो पात्र, असा याचा अर्थ. आता समजा ‘बंदी’च्या आत क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं तपासायला तेच जुनं ‘अपेंड’ वापरलंय. नव्या आवृत्तीत ते दर वेळी फसतं, म्हणजे बंदी कोणावरच सिद्ध होत नाही. ‘\+’ म्हणजे ‘सिद्ध होत नाही’, तो त्या फसण्याचं यश करतो आणि सगळेच अर्जदार पात्र ठरतात! तुम्हाला निदान ‘फॉल्स’ दिसलं आणि शंका आली. इथे यादी भरलेली येते, नीट दिसते, आणि ती तपासावी असं कोणाला वाटतही नाही.

इतकी जोखीम होती तरी बदल का केला? प्रोलॉग 1972 मध्ये मार्सेयला अलँ कोलमेरोएर यांच्या गटात जन्मली. त्यांना फ्रेंच वाक्यं यंत्राला समजवायची होती, आणि व्याकरणाच्या नियमांसाठी मजकूर लिस्टच्या रूपात असणं सोयीचंच होतं. पण 64-बिट यंत्रावर एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये लिस्टचं एक घर मेमरीच्या तीन ‘वर्ड’चं (प्रत्येकी 8 बाइट) असतं, म्हणजे एका अक्षराला 24 बाइट. 10 लाख अक्षरांची फाइल वाचली की 24 एमबी गेले. वेबवरून येणारा मजकूर, जेसन (माहिती देवाणघेवाणीचा एक मजकुरी साचा), डेटाबेस यांच्याशी रोज बोलायचं तर हे परवडत नाही. शिवाय छापताना आकड्यांची लिस्ट आणि मजकूर यांत फरक कळत नसे. यान वीलमाकर 1987 पासून अॅमस्टरडॅममध्ये ही प्रणाली घडवत आलेत, आणि स्ट्रिंगचा त्यांचा निर्णय मला मनापासून पटतो.

लिस्टच्या रचनेतला बदल मात्र मला तितका पटत नाही. पूर्वी लिस्ट आतून टिंबाच्या फंक्टरने (रचनेला दिलेल्या नावाने) बांधलेली असे. सातव्या आवृत्तीत डिक्ट (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांचे संच) आले, त्यांतली किंमत काढायला टिंब हवं होतं, म्हणून ते लिस्टकडून काढून घेतलं आणि ‘[|]’ हा नवा फंक्टर बसवला. त्याच वेळी रिकामी लिस्ट [] आणि ‘[]’ हा ॲटम (साधं नाव) वेगळे झाले. हे दुसरं चांगलंच झालं, कारण रिकामी यादी आणि कंस लिहिलेला मजकूर यांची गल्लत थांबली. पण प्रोलॉगच्या 1995 च्या आयएसओ प्रमाणात (आंतरराष्ट्रीय मानकात) लिस्टचं टिंब स्पष्ट लिहिलेलं आहे. दुहेरी अवतरणांचा अर्थ काय घ्यायचा हे प्रमाणाने फ्लॅगवर (बदलता येणाऱ्या सेटिंगवर) सोडलंय, टिंबाबाबत तशी सूट नाही. जे लोक एकच कोड सिकस्टस, जीएनयू प्रोलॉग या दुसऱ्या प्रोलॉग प्रणालींवर आणि एसडब्ल्यूआयवर चालवतात त्यांच्यावर हा भार विनाकारण पडला असं माझं मत आहे, आणि त्या वेळी विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अजूनही ऐकण्यासारखं आहे.

जुन्या वापरकर्त्यांचा विचार केला होता याचा पुरावा म्हणजे मागे ठेवलेले रस्ते. व्याकरणाच्या नियमांच्या आत दुहेरी अवतरणातला मजकूर आजही पूर्वीसारखाच चालतो. त्या नियमांना ‘फ्रेज’मधून (ते नियम चालवणाऱ्या प्रेडिकेटमधून) स्ट्रिंग दिली तर गप्प ‘फॉल्स’ न येता ‘लिस्ट हवी होती’ अशी स्पष्ट एरर येते. आवृत्तीच्या क्रमांकातला मधला आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर विकासातली. बदलांच्या यादीत वागणूक बदलणाऱ्या नोंदींपुढे ‘मॉडिफाइड’ असं लिहिलेलं असतं. नवी आवृत्ती टाकण्याआधी मी फक्त त्या नोंदी वाचतो, बाकीच्या नंतर.

आता तुमच्या प्रोग्रामचं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फाइलच्या सुरुवातीला डबल कोट्सचा फ्लॅग ‘कोड्स’वर ठेवा. तो त्या फाइलपुरताच लागू होतो, बाकी लायब्ररींना धक्का लागत नाही. मोजक्याच ठिकाणी लिस्ट हवी असेल तर तिथे उलटं अवतरणचिन्ह (`) वापरा, त्यातला मजकूर कोडांची लिस्टच असतो. प्रोग्राम सुरू करताना ‘ट्रॅडिशनल’ हा पर्याय देऊनही जुनी वागणूक मिळते, पण मग डिक्टची टिंबाची सोय जाते, म्हणून नव्या कामासाठी तो घेऊ नका.

हे झालं की प्रोग्राममध्ये ‘\+’ जिथे जिथे आहे ती प्रत्येक जागा शोधा आणि आतलं प्रेडिकेट एकटं चालवून पाहा. ज्याच्यावर बंदी आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे असं एक नाव द्या. ‘ट्रू’ आलं तरच पुढच्या जागेकडे जा.