जुनी फोर बाय फोर: आधी गाडीखाली शिरा

प्रश्न: दादा, आम्ही दोघं नवरा-बायको बोरिवलीला राहतो. सह्याद्रीत भटकायला आणि येत्या सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला जायला जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घ्यायची आहे. 2009ची मारुती जिप्सी किंग, महिंद्राची एक एमएम 540 जीप आणि एक बोलेरो कॅम्पर पिकअप बघून ठेवली आहे. जिप्सीला गाडी उंच करणारं लिफ्ट किट, 235/75चे टायर आणि लोखंडी बंपर आधीच बसवलेला आहे. तीच घ्यावी का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: लिफ्ट किट आणि टायर बघून भुलू नका. आपल्या मुंबईच्या खाऱ्या हवेत वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन जा आणि गाडीखाली शिरा. मागच्या पाट्यांचा झुलता जोड (शॅकल) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे जोडलाय तिथे, बॉडी चासीवर बसते त्या माउंटपाशी आणि चिखल साठतो त्या खोबणीत ठोकून बघा. धड लोखंड खणखणतं, गंजलेलं भद्द वाजतं. खालून नुकताच काळा थर मारला असेल, तर मला आधी शंका येते. चासीला ठिगळ दिसलं तर अर्ध्या किमतीतही ती गाडी घेऊ नका.

मग पुढच्या चाकामागचा नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, बघा. तिथे बोट फिरवा. घट्ट काळं ग्रीस असेल तर ठीक. पातळ, गिअर ऑइलचा वास येणारा चिकटा असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइल नकलमध्ये उतरतंय. सील स्वस्त असतं, पण मजुरी भरपूर लागते, त्यामुळे भाव पाडून घ्या. सील मात्र नवं कोरंच घाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या मालात शोधू नका.

फोर व्हील मातीच्या मैदानातच लावून बघा. या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळी फिरू पाहतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या संथ पण ताकदवान गिअरमध्ये, पहिल्या गिअरला, अॅक्सिलरेटर न दाबता गाडी रांगू द्या, मग रिव्हर्सला. खटखट आली की थांबा.

आता टायर. कंपनीचा 205/70 आर 15 साधारण 67 सेंटिमीटर उंच, 235/75 साधारण 73. म्हणजे काटा 60 दाखवतो तेव्हा तुम्ही 66ने चाललेले असता, ब्रेकवरचा ताण वाढतो आणि 1.3 लिटरच्या इंजिनाला प्रत्येक गिअर जड होतो. स्पितीच्या वाटेवर साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीत हवा विरळ, तिथे हे फार जाणवेल. 215/75 पुरेत. बंपर काढून टाका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा ठरवलेत. लिफ्ट किटही उतरवा. कंपनीच्या रचनेत बदल करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल आहे.

2009च्या गाडीची 15 वर्षं 2024लाच भरली. आरसीवर पुढच्या 5 वर्षांची नोंद आणि ग्रीन टॅक्सची पावती हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. स्पितीच्या वाटेतल्या दिल्ली परिसरात 10 वर्षांवरची डिझेल आणि 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी अडचणीत येऊ शकते. तिथले नियम निघण्याआधी तपासा, नाहीतर अजमेर, हनुमानगड, भटिंड्यावरून जा.

एमएम 540चं प्यूजो डिझेल इंजिन मला मनापासून आवडतं. तालुक्याचा ट्रॅक्टर मिस्त्रीही ते दुरुस्त करतो. पण स्पितीतलं मुख्य गाव काझा इथून सुमारे दोन हजार किलोमीटर. त्या गोंगाटात, त्या वेगाने दोघं थकून जाल. कॅम्पर दणकट, पण बहुतेक मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात आणि रिकामी असली की फार उडते.

चासी धड असेल तर जिप्सीच घ्या. वाचलेले पैसे ब्रेक, रेडिएटरचे होज, व्हील बेअरिंग आणि सगळ्या ऑइलवर घाला. पाट्यांचे यू-बोल्ट नव्याने कसले असतील, तर माळशेजला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा कसा.

प्रश्न: फोर बाय फोर शिकायला किनाऱ्यावर गाडी न्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अजिबात नको. खारं पाणी चासीला खातं, भरती गाडी गिळते, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. मुरबाड-कर्जतकडे कापणी झालेलं एखादं शेत मालकाला विचारून, पैसे देऊन घ्या आणि तिथे शिका.